पर्पेच्युआ मावशीची बावडी

पवईच्या तलावावर लुईस मिरांडाला सगळे ‘प्रोफेसर’ म्हणायचे आणि हा टोमणा आहे, असं त्या भल्या माणसाला कधी वाटलंच नाही. काठावर कुणाच्याही गळाला झटका बसला, की हा लांबूनच ओरडायचा, “चिलापी!” नाहीतर, “कटला आहे रे, ढील दे, ढील दे!” बहुतेक वेळा बरोबर निघायचं. चुकलं, तर पाणी गढूळ होतं. ‘मला माहीत नाही’ हे शब्द त्याच्या तोंडाला कधी लागलेच नव्हते.

साठी ओलांडलेला, बिनलग्नाचा, कारखान्यातून रिटायर होऊन मरोळच्या गावठाणात बापाच्या घरात एकटा राहणारा माणूस. त्याच्याजवळ मिरवायला दुसरं होतं तरी काय? समुद्राच्या माशाचं कोळणीला विचारा, गोड्या पाण्यातल्या माशाचं लुईसला, असं गावठाणात ठरूनच गेलेलं. एवढी एकच गादी, आणि ती त्याने घट्ट धरून ठेवली होती.

त्याच्या घरासमोर पर्पेच्युआ मावशीचं घर, आणि घराच्या अंगणात तिची बावडी. मावशीचं वय ऐंशीच्या पुढे. सुना-नातवंडं नळाचं पाणी फिल्टर करून प्यायची, मावशी मात्र बावडीचंच प्यायची. नुसती प्यायची नाही, येईल-जाईल त्याला पाजायची. कुणाला ताप आला, की ही तांब्या घेऊन दारात हजर. “डॉक्टरचं औषध घे, पण ते ह्या पाण्याबरोबर घे.” बावडीत एक मोठा मासा होता. कधी आला, कुणी सोडला, देव जाणे. कोलंबी साफ केली की मावशी तिची डोकी आत टाकायची, आणि खालून काहीतरी काळं वर येऊन ती गट्ट करायचं. मासा जिवंत आहे तोवर पाणी चांगलं आहे, हा तिचा हिशेब.

तिचा मुलगा ग्लेनरॉय कितीतरी वर्षं ती बावडी बंद करायच्या मागे होता. वाईट माणूस नव्हता तो. पण अंगणात स्कूटर लावायला जागा नाही, पावसाळ्यात डास, पोरंटोरं वाकून बघतात, त्याचीही बाजू होती. मावशीने त्याला एकच अट घातली होती. “माझ्या एव्हलिनचं उंबराचं पाणी ह्या बावडीतून निघू दे. मग तू तिच्यावर स्लॅब टाक नाहीतर विमानतळ बांध, मी बोलणार नाही.”

उंबराचं पाणी म्हणजे गावठाणातल्या ह्या ख्रिस्ती लोकांच्या लग्नातला मोठा मान. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी लुगडी नेसलेल्या बायका बँडबाजा घेऊन बावडीवर जातात, गाणी म्हणत कळशी भरतात आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. मावशी स्वतः ह्या घरात आली, तिच्या नणंदा ह्या घरातून गेल्या, लेकी गेल्या, सगळ्यांच्या लग्नात पाणी ह्याच बावडीचं. आता नात राहिली होती, ग्लेनरॉयची मुलगी, आजीला ‘नाना’ म्हणणारी. जानेवारीत एव्हलिनचं लग्न ठरलं, नवरा गोराईचा, आणि मावशी बावडीच्या काठावर चुना लावायला लागली.

आणि नेमका तेव्हाच डास खात्याचा माणूस आला. बावडीत गप्पी मासे सोडायचे म्हणून पिशवी उघडतोय, तोच खालून एक भलं मोठं तोंड वर आलं, हवा गिळली आणि बुडून गेलं. तो दचकलाच. “अहो, हे काय पाळलंय? माझे गप्पी हा नाश्त्याला खाईल. आधी काय आहे ते बघा, मग मला बोलवा.” असं म्हणून तो पिशवी घेऊन गेला.

संध्याकाळी ग्लेनरॉयने लुईसला हाक मारली. अंगणात ही गर्दी. वर्षभर बाटल्यांत भरून ठेवायच्या बाटली मसाल्याच्या मिरच्या निवडायला भावकीतल्या बायका जमलेल्या, एव्हलिन आणि तिच्या मैत्रिणी, गोराईहून आलेली तिची होणारी सासू. लुईस हातात टॉर्च घेऊन काठावर वाकला. सगळ्या बायका मिरच्या सोडून त्याच्याकडे बघायला लागल्या. असं कुणी बघायला लागलं, की लुईसची छाती आपोआप फुगायची.

खाली काळोख. टॉर्चचा उजेड पाण्यावरून परत डोळ्यात येत होता. थोड्या वेळाने पाणी हललं, काळं चपटं डोकं वर आलं, ‘गप्प’ करून हवा घेतली, गेलं. डोकं तेवढं दिसलं. मिशा होत्या की नव्हत्या? अंगावर खवले होते की अंग गुळगुळीत होतं? काय दिसणार त्यात कपाळ! हवा घ्यायला वर येणारे मासे दोन-चार जातींचे असतात, हे लुईसला पक्कं माहीत होतं. दुपारी ऊन सरळ आत पडतं तेव्हा बघून सांगतो, एवढं म्हणाला असता तर कुणी त्याला फासावर दिलं नसतं. पण गोराईची पाहुणी विचारती झाली, “हेच का ते मासेवाले प्रोफेसर?” आणि उचलली जीभ, लावली टाळ्याला.

“मांगूर!” लुईस म्हणाला. “परदेशी मांगूर. सरकारने बंदी घातलेली जात. गटारात वाढतो, घाण खातो, मेलेलं कुत्रंसुद्धा सोडत नाही.”

“शी!” एव्हलिन दोन पावलं मागे सरली. “अंकल, नक्की?”

“बेटा, मी मासे बघत म्हातारा झालो.”

मावशी खुर्चीवर बसून होती. ती हळूच म्हणाली, “मरळ आहे रे ती, लुईस. दुपारी उन्हात मी बघते ना. अंगावर खवले आहेत तिच्या.”

लुईस हसला. सगळ्यांना ऐकू जाईल असा हसला. “मावशी, तुम्ही मैद्याचे फुगे तळा, तुमच्यासारखे फुगे कुणाला जमणार नाहीत. मासे मला शिकवू नका.”

बायकाही हसल्या. मावशीही थोडंसं हसली आणि पदराने चष्मा पुसायला लागली. होणाऱ्या सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या एव्हलिनच्या आईला बाजूला घेऊन काहीतरी बोलल्या, आणि जेवणं व्हायच्या आत निकाल लागला: गटारातला मासा जिथे जगतो, त्या पाण्याने नवरीची आंघोळ नाही. पाणी गावठाणाच्या क्रुसाजवळच्या नळावरून आणायचं. बावडी आत्ताच बंद करून टाकायची, मांडवालाही जागा होईल.

“मासा मी काढून देतो,” लुईस म्हणाला. मोठा उपकार केल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो गळ घेऊन बसला. मांगूरला कोंबडीचं काळीज म्हणजे मेजवानी, वास आला की धावत येणार. लुईसने काळीज लावून गळ सोडला. मासा वर आला, हवा घेतली, काळजाला हुंगलंसुद्धा नाही. पुन्हा टाकला. पुन्हा तेच. मग त्याने नाल्याकाठून एक छोटं बेडूक पकडून आणलं, गळाला लावलं आणि पाण्यावर नाचवलं. ‘फाट्’ असा आवाज झाला आणि दोरी हातातून ओढली गेली. असा घाव फक्त एकच मासा घालतो. वर ओढायच्या आधीच लुईसला कळलं होतं.

मरळच होती. हातभर लांब. सापासारखं डोकं, पण डोक्यापासून शेपटीपर्यंत खवले, पोटाला पांढुरकी, पाठीवर काळे पट्टे, आणि मिशीचा एक केससुद्धा नाही. शाळेतल्या पोरानेही ओळखली असती. अंगणात कुणी नव्हतं. मरळीला घाई नसते, पाण्याबाहेरही ती बराच वेळ तग धरते. बादलीत पडल्या पडल्या ती तोंड उघडत होती, मिटत होती. लुईस तिच्याकडे बघत उकिडवा बसला.

आत्ता सोडली असती तर? बादली उलटी करायची आणि ग्लेनरॉयच्या दारावर थाप मारायची: चुकलो बाबा, मरळ आहे, आमच्या आजोबांच्या वेळेपासून लोक खातात ती, स्वच्छ मासा, पाणी चांगलं आहे. एवढंच. पण मग तलावावर काय तोंड दाखवणार? प्रोफेसरला मरळ ओळखता येत नाही! आणि काल त्या म्हातारीला हसलास, ते? लुईसने बादलीवर ओलं पोतं टाकलं आणि ती उचलून आपल्या घरात नेली.

मोरीतल्या ड्रममध्ये पाणी भरून त्याने मरळ आत सोडली, वर फळी ठेवली, फळीवर पाटा ठेवला. आधी त्याच्या मनात होतं कापून टाकायचं, बाटली मसाला घालून कालवण करायचं, पुरावाच राहणार नाही. सुरी काढलीसुद्धा. पण फळी सरकवली की ती वर येऊन हवा घ्यायची, आणि सुरी परत खुंटीवर जायची.

“काढलास?” ग्लेनरॉयने विचारलं.

“काढला.”

“बघू तरी.”

“दाखवायला काय तो ट्यूना आहे? नाल्याच्या पलीकडे नेऊन पुरला.”

शेजारच्या खोलीत कुडाळचा नंदू राहायचा, लुईसचा तलावावरचा जोडीदार. त्याला भारी चेव आला. “केवढो होतो रे?” लुईसने हात पसरून दाखवले. “काळजार इलो?” लुईसने मान डोलावली. नंदूने ती गोष्ट चहाच्या टपरीवर नेली आणि तिथे मांगूर हातभराचा पुरुषभर झाला. रस्त्यात लोक लुईसला थांबवायला लागले. “लुईस अंकल, वाचवलंत हो. काय पाणी पीत होते ते लोक!” खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खोटं नाही. शाबासकी मिळाली, की त्या दिवशी लुईस अर्धं ताट टाकून उठायचा. रविवारी मिस्साला गेला तर कन्फेशनच्या रांगेत उभा राहिला आणि आपली पाळी येताच बाहेर सटकला. फादर आवाजावरून ओळखतात, गावठाण लहान आहे.

एकदा तो खरंच निघाला होता सांगायला. अंगण ओलांडून गेला. ग्लेनरॉय गर्डरवाल्याशी बोलत होता. लुईसला बघून त्याने त्याच्या खांद्यावर हात टाकला. “ह्या माणसामुळे सुटका झाली माझी. नाहीतर माय ऐकणारी होती काय?” मावशी दाराशी बसून वाल सोलत होती. तिने मान वर केली नाही. लुईस म्हणाला, “गर्डर चांगले जाड घ्या.” दुसरं काही नाही, गर्डर जाड घ्या म्हणाला मेला!

मग त्याने ठरवलं, आपण भल्या पहाटे जायचं, मरळ गुपचूप सोडायची, आणि दुपारी सगळ्यांना बोलावून दाखवायचं, की अरे, आत तर मरळ पण होती! अब्रूही वाचेल आणि बावडीही. ह्या युक्तीवर तो इतका खूश झाला, की त्या रात्री पहिल्यांदा पोटभर जेवला. पहाटे बादली घेऊन बाहेर आला, तर अंगणात माणसं आधीच उभी. बावडीत ब्लीचिंग पावडरची पोती रिकामी होत होती, वास नाकात चढत होता. दुपारपर्यंत गर्डर बसले, संध्याकाळपर्यंत वर सिमेंटच्या लाद्या आल्या, सांधे भरले. मावशी तेवढा दिवस बहिणीकडे वाकोल्याला जाऊन बसली होती.

लुईस ताप आल्याचं सांगून घरात पडून राहिला. लग्नाच्या आदल्या संध्याकाळीही पडूनच होता. बाहेर बँडवाले वाद्यं लावत होते, पोरींचा कलकलाट चालला होता. दारावर थाप पडली. त्याने उघडलं, तर मावशी. जरीकाठाचं लुगडं, केसात फुलं, अंगावर सगळं सोनं, हातात रिकामा तांब्या.

“तुला ताप आहे म्हणून कळलं,” ती म्हणाली. “पाणी घेऊन यायला निघाले होते. सवय रे. मग लक्षात आलं.”

ती आत येऊन बसली. दम लागला होता तिला. मग एकदम म्हणाली, “लुईस, मला माफ कर.”

“मी? तुम्हाला? कशाला मावशी?”

“तुझी आई गेली तेव्हा शेवटचा घोट मी घातला तिला. तू नाईट ड्युटीवर होतास. पाणी दे म्हणाली, मी आमच्या बावडीचं आणलं. किती प्रेमाने प्यायली रे ती!” मावशीचा आवाज फाटला. “गटाराचं पाणी पाजलं मी तुझ्या आईला मरताना. घरोघरी पाजत फिरले. आजारी पोरांना पाजलं. मला काय माहीत? आता सगळ्यांच्या दारात जाऊन सांगते आहे. तुझं घर मागे ठेवलं होतं, धीर होत नव्हता.”

लुईसला वाटलं, जमीन दुभंगावी. तो उठला, तिला हाताला धरून मोरीपर्यंत घेऊन गेला. पाटा उतरवला. फळी सरकवली. पिवळा दिवा ड्रमवर सरळ पडत होता. खालून मरळ वर आली, हवा घेतली, आणि खवले लख्ख दिसले.

मावशी वाकून बघत राहिली. बराच वेळ.

“मरळ आहे, मावशी,” लुईस रडत म्हणाला. “तुम्ही बरोबर होता. पाणी चांगलं होतं. माझी आई चांगलं पाणी प्यायली. मला त्याच सकाळी कळलं होतं आणि मी बोललो नाही. नाक वर राहावं म्हणून बोललो नाही. मी नीच माणूस आहे.”

“मी रोज बघायची तिला,” मावशी म्हणाली. ती त्याच्याशी बोलत होती की स्वतःशी, कळत नव्हतं. “दुपारी. हे खवले, हे पट्टे. पण तू हसलास, सगळे हसले. मला वाटलं, म्हातारी झाले, डोळे गेले. एवढी वर्षं बघितलेलं मी खोटं धरलं, तुझं खरं धरलं.”

“मी आत्ता बाहेर जातो. बँड थांबवतो. सगळ्यांसमोर सांगतो, एव्हलिनला सांगतो, तिच्या सासूला सांगतो...”

“आणि?” मावशीने त्याच्याकडे वळून बघितलं. तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं. “बावडी उघडणार आहे? ब्लीचिंग निघणार आहे? पोर उद्या बोहल्यावर चढायची, ती आज रडत बसेल, की नानाच्या बावडीचं पाणी मिळालं असतं आणि मीच शी म्हणाले. बाप-लेकीचं भांडण होईल. सासूचा चेहरा पडेल. कुणासाठी? तुझं मन हलकं व्हावं म्हणून?”

“मग मी काय करू, मावशी?”

“गप्प बस. तेव्हा बोलायचं होतं, तेव्हा गप्प बसलास. आता मी सांगते म्हणून गप्प बस. आणि शर्ट बदल, पाण्याला चल. तू आला नाहीस तर लोक विचारतील.”

बाहेरून एव्हलिनची हाक आली, “नाना, कुठे आहेस? सगळे थांबलेत!” मावशीने पदर सारखा केला, तांब्या उचलला आणि निघून गेली.

लुईस गेला. नाही कसा जाणार? बँड वाजत होता, बायका नाचत होत्या, पुढे मावशी, डोक्यावर फुलांनी मढवलेली कळशी. अंगणातल्या नव्या लाद्यांवरूनच मिरवणूक बाहेर पडली. क्रुसाजवळच्या नळाला कुणीतरी झेंडूची माळ घातली होती. नळाला धार बारीक होती, कळशी भरायला वेळ लागत होता, आणि तेवढ्यात म्हाताऱ्या बायका पाण्याचं गाणं म्हणत होत्या, ज्यात बावडीच्या पायऱ्या होत्या, रहाट होता, सगळं होतं. मावशीही म्हणत होती. तिचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

कळशी भरली तसा ग्लेनरॉय खुर्चीवर चढला. दोन घोट झाले होते, मन भरून आलं होतं. “सगळ्यांनी एक मिनिट ऐका! आज आपल्या पोरीला स्वच्छ पाणी मिळालं, ते एका माणसामुळे. त्याने ओळखलं नसतं तर आपण गटाराच्या पाण्याने तिला आंघोळ घातली असती. लुईस, पुढे ये रे! लाजतोस काय?”

लोकांनी त्याला पुढे ढकललं. तो मावशीच्या समोर येऊन उभा राहिला. त्याने तिच्याकडे बघितलं, एकदा, भीक मागितल्यासारखं. आत्ता तरी बोलू दे. मावशीने कळशी एका हाताने सावरली आणि मान हलवली. नाही.

“लुईस अंकलसाठी!” एव्हलिन ओरडली आणि तिने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सगळ्या गावठाणाने वाजवल्या. नंदूने शिट्टी घातली. लुईस हात जोडून उभा राहिला आणि टाळ्या संपायची वाट बघत राहिला. त्या लवकर संपल्या नाहीत.